हळदीच्या पट्ट्या

मला राग लवकर येतो, हे आमच्या अख्ख्या उखाच्या चाळीला माहीत आहे. शाळेतली पोरं पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. त्या वर्षी मी जरा जास्तच तापले होते. प्लेगच्या साली सुरतेची देशभर शोभा झाली, मग शहर धुऊनपुसून काढलं, आणि त्यानंतर कुणाला तरी वाटलं की आता पोरांनाही पर्यावरण शिकवावं. आम्हा म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतल्या बायांना शिबिराला बसवलं, गुजरातीत भाषणं ऐकवली, ढोकळा खाऊ घातला आणि निघताना हातात चित्रांची गुंडाळी दिली. वाघ, देवमासा, बर्फावरचं अस्वल. माझ्या चौथीतल्या पोरांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं जनावर म्हणजे पर्वत पाटियाच्या चौकात रस्ता अडवून बसणारा सांड. त्यांना मी देवमासा वाचवायला शिकवू? गुंडाळी कपाटावर टाकली आणि शनिवारच्या पर्यावरणाच्या तासाला काय शिकवायचं ते माझं मीच ठरवलं.

शाळेच्या मागून खाडी जाते. खाडीच्या वरच्या अंगाला साड्या रंगवायची मिल होती. मिलमध्ये ज्या दिवशी जो रंग, त्या दिवशी खाडी त्या रंगाची. आमची चाळ खाडीला लागून. सगळे धुळे-जळगावकडचे, निम्मे बापे त्याच मिलला, माझा धाकटा भाऊ योगराजही तिथेच रंगखात्यात. घरात मी, माझी माय सरलाबाई, योगराज आणि त्याची बायको मंदा. मी लग्न केलं नाही. का, ते विचारायची चाळीत कुणाची छाती नाही.

मंदाचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा सहाव्या महिन्यात पोर हातचं गेलं. चाळीतल्या बायांनी ठरवून टाकलं की हिला आसरा लागल्या. आमच्या खानदेशात विहीर म्हटली की तिच्यात साती आसरा असतात, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. काठावर शेंदूर फासलेले सात दगड मांडतात. भर दुपारी त्या बाहेर येतात, म्हणून त्या वेळेला बाईमाणसानं, त्यातून पोटुशीनं, पाण्यावर जायचं नाही. मंदा म्हणे माहेरी असताना गेली होती. झालं! हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवेना, कुणाची ओटी भरायची असली की तिला मागे सरकवायचे. त्या हिवाळ्यात ती तिसऱ्यांदा पोटुशी होती. ह्या वेळी पोर जगलं पाहिजे, एवढं एकच आमच्या घरात सगळ्यांना हवं होतं. एरवी माय आणि मी कशावर एकमताच्या नाही.

तर शनिवारचा तास. हळदीच्या डागाला साबण लागला की डाग लाल होतो, हे कुठल्याही पोरीला घरूनच माहीत असतं. सोड्यानं होतो, चुन्यानं होतो, मिलमध्ये कापडाला जो कॉस्टिक सोडा लावतात त्यानंही होतो. म्हणजे पाण्यात असलं काही उतरलं असेल तर हळद ते सांगते. मी वडिलांचं जुनं धोतर फाडलं, हळदीत बुडवलं, वाळवून पट्ट्या केल्या. मेलेल्या बापाचं धोतर फाडलं म्हणून मायनं माझ्याशी बोलणं टाकलं, तेवढीच घरात शांतता. पोरांना सांगितलं, घरी जे पाणी पिता ते बाटलीत भरून आणा. खिडकीत बाटल्यांची रांग लावली आणि एकेकीत पट्टी सोडली. शाळेच्या नळाच्या पाण्यातली पट्टी पिवळीच राहिली. आमच्या चाळीच्या हातपंपाची मात्र बुडवल्याबरोबर लाल झाली. पोरं एकदम गप्प झाली. चौथीचा वर्ग आपणहून गप्प झालेला मी सबंध नोकरीत तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

त्या पंपाचं मला आधीपासून काहीतरी खटकायचं. चाळीत नळ नव्हता, सगळे तेच पाणी प्यायचे. ऐन थंडीत ते कोमट यायचं. गल्लीतली कुत्री ओट्याखाली साचलेल्या पाण्यापाशी जायची, हुंगायची आणि न पिता परत फिरायची. वर कडुनिंब होता, त्याची पंपाकडची फांदी तेवढी बोडकी. कावळाही त्या फांदीवर बसत नसे.

तास संपला तेव्हा मी पोरांना म्हटलं, घरी जाताना एक पट्टी पंपाच्या तोंडाला बांधा. लाल झालेली मोठ्या माणसांना दिसली की ती आपोआप हे पाणी प्यायची थांबतील. लाल म्हणजे धोका, हे जगाला कळतं, अशी माझी समजूत.

सकाळी पाहते तर पंपापाशी नारळ फुटलेला. पिवळी पट्टी कुंकवासारखी लाल झालेली पाहून सगळ्यात आधी हात जोडले ते माझ्या मायनंच. हळद वाहिली, देवीनं तिचं कुंकू करून परत दिलं! आसरा आपल्या मागोमाग खानदेशातून सुरतेला आल्या, असं तिनं बायांना सांगितलं आणि बायांना ते पटलंही. दुपारपर्यंत ओट्यावर शेंदराचे दगड मांडून झाले. जे पाणी बाया नाकं मुरडत भरायच्या, तेच आता तीर्थ म्हणून लेकरांच्या तोंडात घालू लागल्या.

मी तोंडाला येईल ते बोलले. संध्याकाळी बायांना जमवलं, परातीत शाळेच्या नळाचं पाणी घेतलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि पट्टी बुडवली. लाल झाली. सांगा, म्हटलं, ह्या परातीत कुठली देवी आली? बाया मायच्या तोंडाकडे बघू लागल्या. मायनं पट्टी दोन बोटांत धरून पाहिली आणि शांतपणे खाली ठेवली.

"साबूनी हयद लाल व्हस, हाई माले शिकाडू नको," ती म्हणाली. "हातपंपले साबू कोनी लावा, ते सांग."

हातपंपाला साबण कुणी लावला? प्रश्न बरोबर होता आणि उत्तर मला ठाऊक होतं. उत्तर घरात जेवायला बसलं होतं, कोपरापर्यंत निळ्या हातांनी. मिलचा सांडपाण्याचा खड्डा फुटलाय, सगळं जमिनीत मुरतंय, हे मला योगराजनंच सांगितलं होतं आणि वर कुठे बोलू नकोस म्हणून हात जोडले होते. चाळीतल्या निम्म्या चुली त्या मिलवर पेटत होत्या. मी गप्प राहिले, आणि बायांनी त्याचा लावायचा तो अर्थ लावला.

पुढच्या शनिवारी शाळा सुटली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. लांबून पंपाचा दांडा करकरताना ऐकू येत होता, संथ, कुणाला काही घाई नसावी तसा. मी कोपऱ्यावरून वळले आणि आवाज थांबला. दांड्याला कुणाचाच हात नव्हता. पंपासमोर मंदा बसली होती, हिरव्या पातळात, केस मोकळे, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली. कपाळभर हळदीचा मळवट होता आणि माझ्या डोळ्यांदेखत तो कडेकडेनं लाल होत होता. ओट्याच्या सुक्या फरशीवर ओली पावलं उमटली होती. एकट्या मंदाची म्हणावीत तर फार होती. मी ती मोजायला थांबले नाही. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

कुणाशी बोलत होतीस, मी विचारलं. ती नुसती हसली. माझा हात ओढून तिनं आपल्या पोटावर ठेवला आणि ओंजळभर पाणी प्यायली. आतून पोरानं अशी लाथ मारली की मी हात मागे घेतला.

"पाहा ताई, हे पानी पेलं का ते हालतं," मंदा म्हणाली. "पहिले दोन कधी असे हालले नव्हते."

ती रोज त्या पाण्यानं न्हाते, म्हणून कपाळावरची हळद लाल होते, हे मला कळत होतं. पण बायांना वाटत होतं की आसरांनी हिला पोटाशी घेतलं. तिला आता पुढे बसवत होत्या, तिची ओटी भरत होत्या, वयानं मोठ्या बाया तिच्या पाया पडत होत्या. कालपर्यंत अवदसा म्हणत होत्या त्याच ह्या! तिचं ते सुख ओरबाडून घ्यायला माझी जीभ उचलेना. आणि न बोलावं तर पोर पोटात काय पिऊन वाढत राहील?

मग मी दुसरीकडून सुरुवात केली. साबण कुणी लावला हे मायला हवंय ना? मी नाही सांगत, पोरं शोधून काढतील. सगळ्या वर्गाला पट्ट्या वाटल्या आणि खाडीपासून शाळेपर्यंत जिथं जिथं पाणी आहे तिथं बांधायला पाठवलं. वर्गाच्या भिंतीवर कागद चिकटवून मोठा नकाशा काढायला लावला. पट्टी पिवळी राहिली तिथं पिवळा ठिपका, लाल झाली तिथं लाल. पोरांनी जीव तोडून काम केलं. एरवी पाढे म्हणताना पेंगणारी पोरं चिखल तुडवत गेली, भिंती चढून गेली. लाल ठिपके मिलच्या भिंतीपासून निघाले आणि खाडीच्या कडेकडेनं थेट आमच्या चाळीपर्यंत आले. आंधळ्यालाही दिसावं! मी खुशीत होते. मग पोरं ठिपके मोजायला लागली. लाल ठिपके सात भरले.

पोरांनी घरी जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी सातही जागी शेंदूर लागलेला. सात बहिणी, सात ठिकाणं, आता आणखी काय पुरावा हवा? मिलच्या भिंतीला जे भोक होतं, ज्यातून वाफाळतं रंगीत पाणी खाडीत पडायचं, त्या भोकालाही बायांनी हार घातला. संध्याकाळी खाडीकाठानं दिव्यांची ओळ लागली. दिव्यांखाली जांभळा फेस हळूहळू सरकत होता आणि बाया ओवाळत होत्या. माझ्या वर्गातल्या पोरी त्यांच्यात होत्या. माझ्याकडे बघायला त्यांना लाज वाटत होती.

दोन दिवसांनी मुख्याध्यापक सुकदेव सरांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही, पण भित्रा. शाळेत डोक्यावर फिरणारे पंखे मिलवाल्यांनी दिले होते आणि मिलमधून कुणीतरी नकाशाची चौकशी करून गेलं होतं. सर म्हणाले, पर्यावरण म्हणजे झाडं लावा, घोषवाक्यं लिहा, हे असलं कशाला? भांडले मी, चांगली भांडले. शेवटी त्यांनी शनिवारचा तासच बंद केला. खिडकीतल्या बाटल्या शिपायानं नेऊन ओतल्या. नकाशाच्या जागी वाघ आला.

पण बाटल्या ओतायच्या आधी मी एक काम केलं. मंदाला वर्गात घेऊन गेले आणि शाळेच्या नळाची बाटली तिच्या हातात दिली. तिच्यातली पट्टी अजून पिवळीधमक होती. मंदानं ती उजेडात धरून पाहिली.

"इथं देवी नाही," ती जरा नाराज होऊन म्हणाली.

"नाही ना? मग इथलं पी," मी म्हटलं. "देवीचं पाणी देवीला वाहा. पोराला साधं पाणी दे. माझं एवढं ऐक."

मग पोटावर हात ठेवून तिनं मला शब्द दिला. त्या दिवसापासून रोज सकाळी मी शाळेच्या नळाची कळशी डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडायची. बाई कळशी घेऊन निघाल्या की पोरं फिदीफिदी हसायची. देवीच्या दारात राहून सरकारी पाणी पाजते म्हणून मायनं मला नको नको ते ऐकवलं. ऐकवू दे. मंदाचा सहावा महिना आला आणि गेला. सातवाही गेला. परीक्षा आल्या, सुट्टी लागली, तरी मी शिपायाकडून किल्ली मागून पाणी आणत राहिले.

वैशाखात मंदाला मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, काळीसावळी, आवाज असा की गल्लीच्या टोकाला ऐकू जावा. मी हमसून हमसून रडले, चाळीनं पाहिलं तरी रडले. मायनं माझ्या तोंडात गूळ घातला. योगराजनं रॉकेलनं घासून घासून हात धुतले आणि मगच लेकीला उचललं, तरी नखांत निळं राहिलंच होतं.

पाचवीला दिवेलागणीच्या वेळी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाटा-वरवंटा मांडला, दिवा लावला. बाळाला न्हाऊ घातलं. आमच्याकडे बारा दिवस बाळ-बाळंतिणीला साबण लावत नाहीत, नुसतं चण्याचं पीठ. मायनं वाटीत थोडी हळद घेतली, कळशीतलं पाणी घालून कालवली आणि बाळाच्या तळहातांना लावली. बायांनी गाणं धरलं. बाळानं मुठी मिटल्या. पुन्हा उघडल्या तेव्हा तळवे लाल होते.

गाणं अर्ध्यावर थांबलं. मग साऱ्या बायांचे हात एकदम जोडले गेले. कुणी बाळाच्या पायाशी डोकं टेकवलं, कुणी मंदाच्या. मंदा भिंतीला टेकून हसत होती, आणि इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती.

माझं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत मी मायवर ओरडले, की मंदानं शब्द दिला होता ना, मग पंपाचं पाणी घरात आलंच कसं? माय चिडली नाही. तिनं पाट्याला हात लावून सांगितलं की बाळ जन्मल्यापासून पंपाचा थेंबही उंबऱ्याच्या आत आला नाही, मंदानं येऊ दिला नाही. पिणं, न्हाणं, ही वाटीतली हळद, सगळं मी आणलेल्या कळशीतलं, शाळेच्या नळाचं.

मी कळशीत हात घातला. पाणी सकाळपासून खोलीतल्या सर्वांत गार कोपऱ्यात होतं. तरी ते कोमट होतं.

पोरांचा नकाशा माझ्या डोळ्यांपुढे आला. शाळेचा पाइप त्यांनी निळ्या खडूनं काढला होता. तो खाडीच्या पुलाखालून, गटाराला घासून जात होता. आता तो कुठेतरी फुटला होता, आणि पट्टी बुडवून बघणारं शाळेत कुणी उरलं नव्हतं.

बायांत कुजबुज सुरू झाली की देवी शाळेतही आली. मायही मान डोलवत होती. तिनं सवयीनं अंगठा बोटांच्या पेरांवर ठेवला आणि आसरांची ठिकाणं म्हणू लागली. चाळीचा पंप. आंधळी विहीर. धोब्याचा हौद. चिंधाच्या गोठ्याची बोअर. भंगारवाल्याचं डबकं. पुलाखालचा झरा. मिलच्या भिंतीचं भोक. अंगठा पुढच्या पेरावर गेला, शाळेच्या नळाच्या, आणि तिथेच थांबला. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. अंगठा पुन्हा तिथेच येऊन थांबला.

"आसरा सातच ऱ्हातस," माय म्हणाली. तिचा आवाज एकदम म्हाताऱ्या बाईसारखा झाला होता. "आठवी ऱ्हास नही."

कुणीतरी जोडलेले हात सोडले. मग दुसरीनं सोडले.

"मंग हाई कोन शे?" मायनं मला विचारलं.

ह्या वेळी मी गप्प राहिले नाही. दारात योगराज उभा होता, त्याच्याकडे बघत मी सगळं सांगितलं: मिलचा फुटका खड्डा, कॉस्टिक, खाडी, शाळेचा पाइप. त्यानं मला थांबवलं नाही. फक्त दोन्ही हात पाठीमागे नेले. बाया एकमेकींकडे बघत नव्हत्या. प्रत्येकीच्या घरात त्या पंपाचं भरलेलं पिंप होतं, आणि प्रत्येकीनं आपापल्या लेकराला ओंजळीनं पाजलं होतं.

मंदा बाळाचे तळवे पदरानं पुसत होती. रंग निघेना. पदराचं टोक ओलं करायला तिनं कळशीकडे हात नेला, आणि तो हवेतच थांबला. तिनं हात परत मांडीवर घेतला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते मला कळलंच नाही.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आते मी कोनतं पानी पेऊ?"

मी वर्गात आजवर कुठल्याही पोराला उत्तराशिवाय खाली बसवलं नव्हतं. बाळ रडायला लागलं होतं. त्याला पाजायची वेळ झाली होती.